एकशेवीस कागद

४ डिसेंबर, रविवार

आज चर्चमधली उपासना संपल्यावर पाळक हिंड्स यांनी मंडळीला थांबवून घेतलं. यंदा नाताळचा काळा केक आपल्या सेहेचाळीस घरांपुरता न ठेवता रोझलस्ट गावातल्या सगळ्या घरांत द्यावा, असं त्यांच्या मनात आहे. हिंदूंची चाळीस घरं, मुसलमानांची चौतीस. म्हणजे एकूण एकशेवीस. माझी बायको डल्सी जागेवरूनच म्हणाली, पाळकसाहेबांना केक भाजावा लागत नाही म्हणून आकडा सोपा वाटतो. सगळे हसले, पाळकही हसले. मुसलमान घरांसाठी रम न घालता वेगळा केक करायचं ठरलं. केक बायका करणार. गुंडाळायचा कागद आणायचं काम माझ्याकडे आलं.

घरी चालत येताना एक गोष्ट सुचली. आपली मरीया ती त्यांची मरियम. त्यांच्या कुराणात तिच्याबद्दल फार आदरानं लिहिलं आहे, हे शेजारच्या सुभानचाचांनी मला किती वेळा सांगितलं असेल. ती आयत, म्हणजे कुराणातलं ते वचन, त्यांच्याच लिपीत केकच्या कागदावर छापली तर? आम्ही त्यांचं मानतो, हे एकशेवीस घरांना कळेल. देवानंच सुचवलं असं वाटलं. प्रार्थना करून झोपलो.

६ डिसेंबर, मंगळवार

दुपारची नमाज झाल्यावर चाचांकडे गेलो. आमचं दोघांचं कुंपण एकच आहे, आणि त्याला फाटक मीच बसवलं आहे. चाचा आता शहात्तर वर्षांचे. शिलाईचं काम कधीच सुटलं, पण मशिदीत मुलांना कुराण वाचायला शिकवणं एकतीस वर्षं चालू आहे. ते गेलं तर त्यांच्या दिवसाला काही उरणार नाही.

म्हटलं, नाताळसाठी मरियमवरची आयत तुमच्या हातची लिहून हवी आहे. चाचांनी चष्मा काढून पुसला आणि कशासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना बघायला मिळावी म्हणून. हे काही खोटं नाही. केकचं मात्र बोललो नाही.

डल्सी म्हणते, सांगून टाक त्यांना. मी म्हटलं, आधी सांगितलं तर गंमत काय राहिली?

"गंमत त्यांची की तुझी?" असं म्हणून ती मनुका निवडायला गेली.

९ डिसेंबर, शुक्रवार

चाचा जुम्म्याची नमाज आटोपून थेट माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात आले. कागद पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला होता. मी रंधा ठेवून हात पुढे केला, तर त्यांनी कागद छातीशी धरला.

"आधी हात धुऊन ये."

मी हात धुऊन येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. दोन दिवस लिहीत होते म्हणाले. दर वेळी वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन बसायचं, मग बोरूला हात लावायचा. अक्षर असं की ओळ पाण्यावर चालल्यासारखी वाटते. मला एक अक्षर वाचता येत नाही, तरी बघत राहिलो.

"उंच जागी ठेव," चाचा म्हणाले. "कमरेच्या खाली नको."

मी शब्द दिला. संध्याकाळपर्यंत चांगल्या जांभळ्या लाकडाची चौकट केली, काच बसवली आणि चर्चमध्ये पाळकांच्या खोलीच्या दारावर टांगली. त्याआधी कागदाची एक प्रत काढून घेतली होती. शब्द पाळला, याचं समाधान वाटलं.

१४ डिसेंबर, बुधवार

न्यू ॲमस्टरडॅमला जाऊन छापून आणलं. जाड, तेल न शोषणारा कागद. वर नाताळच्या शुभेच्छा आणि खाली मधोमध चाचांची ओळ, हिरव्या शाईत. अक्षर लहान करूनही चाचांचा हात लपत नाही. छापणाऱ्यानं विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांचं आहे. बसमध्ये फार गर्दी होती. डल्सीनं मागवलेली अंडी मांडीवर घेतली आणि गठ्ठा पायाशी ठेवला. एकही अंडं फुटलं नाही.

२४ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून वाटप केलं. लोक दारातच कागद उलगडून वास घेत होते. आमच्या मंडळीतल्या कार्लटननं तर माझ्यासमोरच अर्धा केक संपवला आणि कागदाला हात पुसले. मुसलमान घरांत मी मुद्दाम सांगत होतो की यात रम नाही. बऱ्याच जणी कागदाकडे बघून गप्प झाल्या. एवढा आदर त्यांनी अपेक्षिला नसावा.

चाचांचं घर शेवटी ठेवलं होतं. ते मशिदीत गेले होते. त्यांची सून रफीना बाहेर आली. तिनं पुडा दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला फारच आवडलं असावं.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. उपासना भरलेली होती. चाचा दर नाताळला सकाळी येऊन पेलाभर जिंजर बिअर, म्हणजे आमचं आल्याचं सरबत, घेतात. आज आले नाहीत. गुडघा दुखत असेल.

२७ डिसेंबर, मंगळवार

रफीना आली होती. बस म्हटलं तर बसली नाही. केक ताटलीत काढून घेतला, चांगला होता, मुलांनी मागून खाल्ला, असं आधी सांगितलं. मग म्हणाली, "अंकल, कागदाचं काय करू?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं कापसानं तो पुसला होता, पण लोण्याचा डाग गेला नव्हता. टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही, आणि असा तेलकट कागद कुराणाशेजारीही ठेवता येत नाही. सध्या कपाटावर ठेवला आहे. चौतीसही घरांत बायकांना हाच घोर लागला आहे. त्यातच रमच्या दुकानापुढच्या गटारात असा एक कागद सापडला, बुटाचा ठसा उमटलेला. तो आता मशिदीत आहे. अक्षर कुणाचं ते सगळ्यांनी ओळखलं.

मी तिला समजावलं की चाचांनी लिहिलेला खरा कागद चर्चमध्ये उंच टांगला आहे. हा नुसता छापलेला आहे.

ती म्हणाली, "अंकल, आमच्या घरातलं कुराणही छापलेलंच आहे."

मग तिनं पुढचं सांगितलं. मशिदीच्या जमातीचे अध्यक्ष कय्यूमसाहेब, ज्यांची भाताची गिरणी आहे, त्यांनी चाचांना विचारलं म्हणे की हे तुम्हीच लिहिलंत का. चाचा हो म्हणाले. पुढे एक शब्द बोलले नाहीत. का बोलले नसतील? मी केकचं सांगितलं नव्हतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

३० डिसेंबर, शुक्रवार

जमातीनं चाचांना शिकवणं थांबवायला सांगितलं आहे. कायमचं थांबवायचं की नाही ते पुढच्या शुक्रवारी ठरेल. काही बापांचं म्हणणं आहे की, आयत केकच्या कागदासाठी लिहून देणाऱ्या माणसाकडे आमची मुलं आयत शिकणार नाहीत. आजही त्यांना विचारलं, आजही ते गप्प राहिले.

मी कुंपणापाशी गेलो. चाचा शेंगांच्या वेलाला पाणी घालत होते. बरा आहेस ना, एवढं विचारून आत गेले. माझ्यावर राग धरला आहे त्यांनी. त्याशिवाय माणूस इतका गप्प राहत नाही.

पाळकांनी सल्ला दिला की जमातीला पत्र लिहा, आपला हेतू चांगला होता असं कळवा. बसलो लिहायला. हेतू चांगला होता, हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. खरं सांगायचं तर मनात थोडी कुरकुरही होती. कागद तो कागद. माझ्या पवित्र शास्त्रात मी पेन्सिलीनं रेघा ओढतो, समासात लिहितो, कधी ते बाकाखाली ठेवतो. म्हणून माझी भक्ती कमी आहे का?

डल्सीनं मागून डोकावून पाहिलं.

"कागदानं एवढा घोळ झालाय, आणि तू आणखी एक कागद पाठवतोयस?"

"मग काय करू?"

"जा आणि वाटलंस तसं गोळा करून आण."

३१ डिसेंबर, शनिवार

अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मुसलमान घरांपासून सुरुवात केली. सोबत एक लाकडी पेटी घेतली, आत पांढरं कापड अंथरलं.

चौतीस घरांतून चौतीस कागद आले. कुणी कपाटावर ठेवला होता, कुणी बरणीत झाकून, एकीनं धुतलेल्या उशीच्या अभऱ्यात. मशिदीतला बुटाचा ठसा असलेला कागद कय्यूमसाहेबांनी दिला नाही, तो शुक्रवारी बघू म्हणाले. प्रत्येकीनं दोन्ही हातांनी दिला. ओरडलं कुणी नाही. म्हाताऱ्या जैतूनबीबी तेवढ्या बोलल्या.

"आठवडाभर माझी झोप उडवलीस, अँब्रोज. केक मात्र झकास होता. पुढच्या वर्षी केळीच्या पानात बांध."

चाचांच्या घरचा कागद रफीनानं दिला. चाचा आतल्या खोलीत होते. खोकल्याचा आवाज येत होता.

१ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचं प्रभुभोजन. चर्चचा कारभारी म्हणून भाकरीचं ताट धरायला मी पाळकांच्या बाजूला होतो. मिस हायसिंथ यांचा हात हल्ली फार कापतो. त्यांच्या बोटांतून भाकर सुटली आणि खाली लाकडी जमिनीवर पडली. मी वाकलो, तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. पाळकांनी त्यांना दुसरा दिला. एवढंच झालं. आमच्याकडे असंच करतात. माझे वडीलही तसंच करत.

घरी जेवताना डल्सी म्हणाली, "त्या जमिनीवरून शंभर माणसं चालतात. फेकून द्यायचा होतास."

"फेकून?" मी म्हटलं. घास हातातच राहिला.

डल्सीनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुपारभर पायरीवर बसून होतो. आजवर मी त्यांचं पुस्तक आमच्या पुस्तकाशेजारी ठेवून मोजत आलो. आमचा देवाचा शब्द देह घेऊन आला. पुस्तक त्याची साक्ष देतं, म्हणून त्यात रेघ ओढली तरी मला काही वाटत नाही. पण प्रभुभोजनात त्याचा देह म्हणून घेतो ती भाकर पडली की मी वाकतो. चाचांच्या मते देवाचा शब्द शब्द म्हणूनच उतरला. मग त्यांचं पुस्तक माझ्या पुस्तकाच्या जागी नाहीच. ते त्या ताटातल्या भाकरीच्या जागी आहे. तसं नीट बसत नसेलही, मी काही शिकलेला नाही. पण त्या भाकरीला मी हात पुसले असते का?

४ जानेवारी, बुधवार

तीन दिवस घरोघर फिरलो. हिंदूंच्या चाळीस घरांतून तेहेतीस मिळाले. पार्वतीबाईंनी तर तो देवाच्या फळीवर ठेवला होता. काय लिहिलंय ते माहीत नाही, पण पवित्र दिसलं म्हणून ठेवलं, म्हणाल्या. द्यायला त्या नाखूशच होत्या.

आमच्या घरांत वेगळंच. कार्लटन म्हणाला, "कसला कागद? त्यात मी मासे बांधून नेले." दुसऱ्या एकीनं तो भाजायच्या पत्र्यावर घातला. तिसऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला होता, तिथून मी तो काढला. बहुतेकांनी कधीच फेकून दिला होता. लोकांना माझं हसू येत होतं. नाताळ संपला, आता कचरा गोळा करतोस का, असंही एकानं विचारलं. त्याला मी काय सांगणार? महिन्यापूर्वी मीही तेच विचारलं असतं.

सेहेचाळीस घरांतून नऊ मिळाले. त्यातला एक माझा. तो माझ्याच कारखान्यात रंगाच्या डब्याखाली होता, आणि तिथं तो मीच ठेवला होता. कधी ठेवला ते आठवत नाही, हेच जास्त लागलं.

६ जानेवारी, शुक्रवार

आज नमाजेनंतर मशिदीच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जमात बसली. मला बोलावलं नव्हतं. फाटकापाशी चपला काढून उभा राहिलो, पेटी छातीशी धरली. कय्यूमसाहेबांनी आत यायला सांगितलं. चाचा कडेला खुर्चीवर होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नको अशी. मला ते कळलं, तरी मी बोललो.

सांगितलं की चाचांना केकचं माहीत नव्हतं. त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. त्यांनी उंच ठेव म्हटलं आणि मी ठेवतो म्हटलं. चूक माझी आहे, माझ्या मंडळीचीही नाही. मग कागदांचा हिशेब दिला. तुमच्या चौतीस घरांतून चौतीस. हिंदूंच्या चाळीसमधून तेहेतीस. आमच्या सेहेचाळीसमधून नऊ. एक तुमच्याकडे आहे. बाकीचे त्रेचाळीस मला सापडले नाहीत.

मागून एक जण म्हणाला, निदान आकडा तरी खरा सांगितला. कय्यूमसाहेब चाचांकडे वळले आणि हे आधी का सांगितलं नाहीत म्हणून विचारलं.

चाचा म्हणाले, "उत्तर अर्धं आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढचं मी विचारलं नाही. मग शेजाऱ्याचं नाव कशाला घ्यायचं?"

 मी जमिनीकडे बघत होतो. आठवडाभर मी त्यांच्या गप्प बसण्याला राग म्हणत होतो.

कय्यूमसाहेब कडक माणूस आहेत. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या दृष्टीनं हा कागदच ना, मिस्टर अँब्रोज? मग खुराड्यात हात कशाला घातलात? चाचांची नोकरी वाचावी म्हणून?"

खोटं बोलायचं नव्हतं. "आधी तेवढ्यासाठीच," मी म्हटलं. "मग रविवारी आमच्या प्रभुभोजनाची भाकर जमिनीवर पडली. मी ती उचलून खाल्ली, धुळीसकट. ती टाकायची असते हे माझ्या मनातही येत नाही. तुमच्या आयतीच्या वेळी हे मला आठवलं नाही."

कय्यूमसाहेब उठले. त्यांनी गटारात सापडलेला तो कागद आणला आणि स्वतःच्या हातानं पेटीत ठेवला. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

अर्ध्या तासानं निर्णय झाला. चाचांनी सोमवारपासून शिकवावं. ज्यांना मुलं पाठवायची नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती नाही. पेटीतले कागद चाचांनीच पाण्यात सोडावेत.

७ जानेवारी, शनिवार

सकाळी भरतीला होडी घेऊन कोकरच्या, म्हणजे कालवा समुद्राला मिळतो तिथल्या झडपेच्या, दारातून बाहेर पडलो, चाचा आणि मी. किनाऱ्याचा चिखल मागे पडून पाणी खोल होईपर्यंत वल्ही मारली. पेटीला दगड बांधले होते. चौकटीतला कागदही मी काढून आणला होता, तो त्यांच्यापुढे धरला. चाचांनी तो परत केला. तो जिथं होता तिथंच बरा आहे म्हणाले, त्यानं काय केलंय?

चाचांनी समुद्राच्या पाण्यानं वजू केली. मीही हात धुतले, कुणी सांगितलं नव्हतं. पेटी दोघांनी मिळून सोडली, कारण ती जड होती आणि त्यांच्या हातांत आता तेवढा जोर नाही. मग ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिले. मी टोपी काढून बसलो.

परतताना चाचांनी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, गंमत करायची होती.

चाचा पाण्याकडे बघत म्हणाले, "मी नाही म्हणेन, हे तुला माहीत होतं."

वल्ही थांबली. होडी थोडी वळली. मी हो म्हटलं. ते खरं होतं, पण म्हणेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. एवढी सुंदर कल्पना, देवानंच सुचवलेली, आणि तिला नाही म्हणू शकणारा एकच माणूस गावात होता. त्यालाच मी विचारलं नाही.

चाचा म्हणाले, "चल, वल्ही मार. ओहोटीत अडकलो तर रफीना दोघांनाही जेवायला देणार नाही."

९ जानेवारी, सोमवार

दुपारी चारला मशिदीतून मुलांचा आवाज ऐकू आला. नेहमीइतका नव्हता. रफीना कुंपणापाशी सांगून गेली की बावीसपैकी पंधरा मुलं आली. सात जणांचे बाप अजून विचार करत आहेत. चाचांनी त्या पंधरा जणांनाच नेहमीसारखं रागावून शिकवलं, पहिल्या धड्यापासून.

ती सात मुलं माझ्या नावावर आहेत. त्यांच्या बापांकडे मी जाणार आहे, एकेकाकडे, पण या आठवड्यात नाही. आत्ताच गेलो तर माफी मागायला आलो की माझं मन हलकं करायला, हे मलाच सांगता येणार नाही.

संध्याकाळी फळ्या घेऊन कालव्याच्या कडेनं येत होतो. गवतात एक कागद दिसला, कडा हिरवट. त्रेचाळीस अजून कुठंतरी आहेतच. फळ्या खाली ठेवल्या, सदऱ्याला हात पुसले आणि वाकून तो उचलला. सिमेंटच्या पिशवीचा तुकडा होता. तरी उलटा करून मागची बाजू पाहिली.